गोऱ्ह्याचे पेढे

माझ्या हाताखालच्या यंत्राचं नाव फ्लो सायटोमीटर. आष्ट्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं नाव ‘तुझी चाळण’ ठेवलं आणि गावभर केलं.

साताऱ्याच्या प्रयोगशाळेत मी वळूच्या वीर्यातल्या पेशी निवडते. पेशींना रंग लावायचा, मग इतक्या बारीक धारेतून सोडायच्या की एकेक पेशी लेसरच्या उजेडासमोरून जाते. कालवड देणाऱ्या पेशीत डीएनए किंचित जास्त, म्हणून ती किंचित जास्त चमकते. यंत्र ती चमक मोजतं आणि तो थेंब विजेनं बाजूला ओढून घेतं. सेकंदाला अशा हजारो पेशी जातात. हे काम मला फार आवडतं.

आबांना मी सांगितलं, "आटपाडीकडचे धनगर वाघरीच्या जाळीच्या तोंडाशी एकेक मेंढी सोडून बघतात ना, तसंच."

"आन् चुकली तर?"

"दहात एखादी चुकते."

"मग घाल आपल्या गायीला. शेवटचं वेत हाय तिचं. तिच्या पोटची कालवड पायजे मला."

आबा फौजेतून आलेले. त्यांनी एकदा सांगितलं की संपलं; मी निवडलेलं वीर्य आणून गायीला भरवलं. गाय गाभण राहिली. दिवस भरत आले तशी मी रजा टाकून आष्ट्याला गेले.

सकाळी धारांच्या वेळी गाय व्याली. गोऱ्हा!

शेजारचे काका गोठ्याच्या दारात पोट धरून हसले. "आवं, लेकीची चाळण फाटली की!"

मला त्यांचा लय राग आला, आणि आबांकडे बघवेना. ते मात्र वाळल्या गवतानं गोऱ्ह्याचं अंग पुसत बसले होते.

"तुझ्या वेळंला सुईण छातीठोक म्हनली हुती, पोरगाच हाय," ते म्हणाले. "मी पलटणीत आधीच पेढे वाटून मोकळा. मग घरनं कळलं, पोरगी झाली."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "मग काय केलंत?"

"काय करतोय? परत वाटले."

कालवडीसाठी दोन दिवसांपूर्वीच आणून ठेवलेला पुडा त्यांनी मला फळीवरून काढायला लावला. पहिला पेढा काकांच्या हातावर ठेवला आणि दुसरा माझ्या तोंडात कोंबला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि काका अजून हसतच होते.