मामांच्या पानातली बुंदी

हसायचंच असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगतो. मी भर मांडवात अक्कल पाजळली, आणि तीही कुणासमोर? ज्यांची मुलगी मला मिळावी म्हणून आमचं अख्खं घर देव पाण्यात घालून बसलं होतं, त्यांच्यासमोर!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला होतो. खोलीभर पसरलेलं धूड ते. कामं तुंबायला लागली म्हणून साहेबांनी त्याला दुसरा प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा आणखी एक मेंदू, जोडून घेतला. वाटलं, आता दुप्पट काम होणार. कसलं काय! माहितीची कोठी म्हणजे मेमरी एकच, आणि दोघंही तिच्या दारात ताटकळत उभे. मग प्रत्येकाच्या हाताशी छोटी वेगळी मेमरी दिली, तेव्हा गाडी सुटली. त्यात माझा वाटा टाळ्या वाजवण्यापुरता. पण ऐट विचारू नका!

त्याच सुमारास माधवनगरला ताईचं लग्न निघालं. नवरदेवाचे मामा खंडाळ्याचे, रिटायर सुभेदार. त्यांच्याच मुलीची माझ्यासाठी बोलणी चालू होती. आईनं बजावलं, "मामांस्नी कायबी कमी पडू दिऊ नगंस. पोरगी त्यांची हाय."

पंगत बसली आणि अडली. वाढपी आठ, पण बुंदी मिळायची एकाच कोठीतून, एकाच आचाऱ्याच्या हातून. सगळी पोरं रिकामी भांडी घेऊन दारात दाटलेली. मला एकदम पुणं आठवलं!

"प्रत्येकाला बादली भरून द्या," मी हुकूम सोडला. "परत कोठीकडं यायचंच नाही. ज्यानं त्यानं आपापलं वाढत सुटायचं."

माझा चुलतभाऊ सदा म्हणाला, "आरं, पर कुणी कुणाला वाढलं ते कळायचं कसं?"

"गड्या, तू बादली उचल!"

आता मानाचं पान कुणाचं? मामांचं. वाढपी सुरुवात कुठून करणार? मामांपासून! पहिला वाढून गेला. मागोमाग दुसरा आला.

"पुरं. आत्ताच वाढली," मामा म्हणाले.

आता मला सांगा, आपल्याकडं 'पुरे' म्हणजे पुरे असतं का कधी? त्यानं हसतहसत पळी पालथी केली. तिसऱ्याच्या वेळी मामांनी पानावर हात आडवा धरला. पठ्ठ्या बोटांच्या फटीतून वाढून गेला!

मामा फौजेतल्या शिस्तीचे. पानात टाकणं त्यांना मंजूर नाही. बिचारे मुकाट खात होते आणि घाम पुसत होते. लांबून बघून मला काय वाटलं असेल? मामांना बुंदी लय आवडलीय! मी स्वतः नववी बादली भरून घेऊन धावलो.

"मामा, माझ्या हातची थोडी..."

"आरं बाबा, न्हाई म्हंतोय न्हवं!" मामा गरजले. "किती जणांस्नी सांगू?"

तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून नवरदेवाचे काका ओरडले, "आवं, हिकडं बुंदी येणार हाय का आमी उठू?"

आठही बादल्या मानाच्या टोकालाच रिकाम्या झाल्या होत्या. वडिलांचा चेहरा बघवेना, मला खरंच रडू फुटायचं बाकी होतं. हातातली बादली घेऊन मी काकांकडं पळत सुटलो.

जेवणं उरकल्यावर मामांनी वडिलांना बाजूला बोलावलं. मी खांबाआड कान लावून उभा.

"पोरगं दिलदार हाय," मामा म्हणाले. "पोरगी दिली." मग पोटावर हात ठेवून दम घेतला. "पर एक अट हाय. ह्यानं जल्मात कुणाला वाढायचं न्हाई."

आजही घरी पाहुणे जेवायला बसले आणि मी नुसता हललो, तरी बायको लगबगीनं म्हणते, "आवं, तुमी बसा. मी वाढते."

पाहुण्यांना वाटतं, काय मान आहे हो या घरात नवऱ्याला!