पुस्तकांच्या कोठारातल्या बॅस्किन बाई

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, आमच्या गावात काळ्या मुलांच्या हायस्कुलात ओथेला बॅस्किन बाईंनी बावीस वर्षं लॅटिन शिकवलं. मीही त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात लागले.

१९७० साली कोर्टाचा हुकूम आला आणि काळ्यांची-गोऱ्यांची शाळा एक झाली. एक झाली म्हणजे आमची बंद झाली. मुलं बसमध्ये बसून गावाच्या पलीकडच्या टोकाला जाऊ लागली. मला तिथल्या स्वयंपाकघरात घेतलं. बाईंना मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, की लॅटिनच्या शिक्षिका इथे आधीच आहेत, तुम्ही पुस्तकांचं कोठार सांभाळा, पगार तोच राहील. बाई "बरं" म्हणाल्या.

कोठार बॉयलरच्या शेजारी होतं. बाई तिथे बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारायच्या, फाटक्यांना कागद चिकटवायच्या. दुपारी माझ्याकडे यायच्या. मी चवळी आणि मक्याचा पाव वाढायची. अर्धं ताटात तसंच राहायचं.

तिसऱ्या वर्षी लॅटिनच्या शिक्षिका आजारी पडल्या. वर्गावर फुटबॉलचे सर पाठवले. त्यांना लॅटिनचं ओ की ठो कळत नव्हतं. मग दोन गोऱ्या मुली वही घेऊन कोठारात आल्या. बाईंनी त्यांना खोक्यांवर बसवून धडा समजावला. दुसऱ्या दिवशी नऊजण आले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"मिस बॅस्किन, ज्याचं काम त्यानं करावं."

बाईंनी मुलांना वर्गात परत पाठवलं आणि शिक्का हातात घेतला.

त्या दुपारी मी विचारलं, "बाई, तुम्हाला राग नाही येत?"

त्यांनी जरा विचार केला. "यायला हवा होता गं, क्लीओरा. मी वाट पाहिली. आलाच नाही."

आणखी सहा वर्षं त्या कोठारातच होत्या. निवृत्तीला केक आणला, त्यावर नाव चुकलेलं होतं. बाईंनी तो नीट कापून सगळ्यांना दिला.

आता त्या बहिणीकडे राहतात. परवा चर्चमध्ये नव्यानेच येऊ लागलेल्या एकीनं त्यांना विचारलं, तुम्ही शाळेत काय शिकवायचात?

बाई म्हणाल्या, "मी कोठारात होते."

मी शेजारीच बसले होते. मी भजनांचं पुस्तक उघडून पान शोधू लागले.