तळाला भोक असलेले पेले

गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या रविवारी पेले रचण्याची स्पर्धा झाली. जबाबदार : आमच्या पेठेतील क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी माइकवरून आरोप केला, पंच, ज्यांनी खेळाचे नियम वाचण्याची तसदी घेतली नाही, आणि चिटणीस, ज्यांनी माझी पत्रे कपाटात ठेवली. पहिले पत्र पाडव्याला दिले, दुसरे अक्षय्य तृतीयेला. नागपंचमीच्या सुमारास अक्का गेल्या. उत्तर अद्याप नाही.

अक्का माझ्या खालच्या मजल्यावर राहत. हातात पेला आला की तो डोळ्याला लावून तळाच्या भोकातून समोरच्याकडे पाहत. “दिसतायसा,” म्हणत, “म्हंजे पेला चांगला हाय.”

वाचकहो, हा खेळ आपणांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बारा पेल्यांचे मनोरे कमीत कमी वेळात रचायचे आणि मोडायचे. पेल्यात पेला बसताना हवा कोंडली तर तो अडकतो. म्हणून तळाला भोके असतात. ती कारखान्यातूनच येतात.

अक्कांची बोटे आखडू लागली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रबरी चेंडू दाबायला सांगितला. “चेंडू दाबून कोण जिंकतंय?” असे विचारून त्यांनी पेले आणले. दुपारभर खडखडाट चाले. शेजारणीने तक्रार केली, तर म्हणाल्या, “तुजा मिक्सर चालतोय तवा मी कधी बोललो काय?”

मला त्या वकीलसाहेब म्हणत. मी न्यायालयात शिरस्तेदार होतो, वकील नव्हे, हे मी वारंवार निदर्शनास आणले. “काळा कोट न्हाय, एवढंच की.”

खेळात पेला पडला तर तो पुन्हा जागेवर ठेवावा लागतो. त्यांनी हा नियम सर्वत्र लागू केला होता. भाजीवाल्याच्या हातून कोथिंबीर पडली तरी ऐकवीत, “पडल्यालं उचलल्याबिगर फुडं जायचं न्हाय.”

स्पर्धेसाठी मंडळाने बाजारातले साधे पेले मांडले होते. अक्कांनी स्वतःचे नेले. त्यांचे हात असे चालले की चहा वाटणारेही थबकले. टाळ्या सुरू असतानाच पंचांनी त्यांचा एक पेला उलटा करून अध्यक्षांना दाखवला. अध्यक्ष माइकवर म्हणाले, “भोकं पाडून आणल्यात. ही लबाडी हाय. नाव बाद.”

बाजू मांडण्याची संधी दिली गेली नाही. अक्का पदर खोचून व्यासपीठापाशी गेल्या आणि त्याच पेल्यातून त्यांनी अध्यक्षांना न्याहाळले.

“दिसतायसा. आता माइकवर बोललायसा ते माइकवरच मागं घ्या.”

“अक्का, घरला या. चहा घिऊ, मिटवू.”

“चहा माझ्याबी घरात हाय. शब्द हितं पडलाय.”

अध्यक्षांनी पुढचे नाव पुकारले.

त्याच आठवड्यात मंडईत कोणीतरी ओरडले, “अक्का, वांग्याला भोक हाय का बगून घ्या.” त्या हसल्या. पण त्या दुपारी खालून आवाज आला नाही. मी जिन्यात बराच वेळ उभा होतो. दुसऱ्या दिवशी मात्र खडखडाट दुप्पट होता, आणि त्यानंतर आजारपण येईपर्यंत तो कधीच कमी झाला नाही.

“शब्द मागं घेत्यात तवा सांगा,” शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या. “मी ऐकायला येतो.”

“बाई गेल्या, विषय संपला,” असे चिटणीस मला म्हणाले. कायद्याने मृतांची अब्रू उघड्यावर टाकलेली नाही, हे मी त्यांना लेखी कळवले आहे.

मंडळाने यंदाची स्पर्धा जाहीर केली आहे. अक्कांच्या मुलीने त्यांचे पेले मला दिले. त्यांतला एक घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार आहे. पहिला मनोरा रचला जाण्यापूर्वी अध्यक्षांनी त्याच सभागृहात, त्याच माइकवर सांगावे : ती भोके कारखान्याने पाडली होती की अक्कांनी? उत्तर मिळेपर्यंत मी पेला डोळ्यावरून काढणार नाही. अध्यक्षमहाशय, आपण मला स्पष्ट दिसाल.