अकरा नंबरची नळी

विद्यापीठाच्या तळघरात भट्ट्यांची खोली होती. तिथे एकतीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे भट्टीवाल्या बाई म्हणत. नवी पोरं पहिल्या दिवशी या नावावर हसत, आणि आठवड्याभरात बाई दिसल्या की हसू गिळत. कामाच्या जागी बाईंना शिट्टी, चहाचा कप, तारीख नसलेली नोंद आणि 'साधारण' हा शब्द खपत नसे. "साधारण मीठ घरी भाजीत घाला," त्या म्हणत.

जमिनीखाली पंचवीस-तीस किलोमीटरवर दगड कसा वितळतो, हे कोणी खाली जाऊन बघू शकत नाही. म्हणून बाई दगडाची पूड करत, ती भाताच्या शितापेक्षा जराशा मोठ्या सोन्याच्या नळीत भरत, नळीची तोंडं बंद करत आणि प्रचंड दाबाखाली तीन आठवडे भट्टीत ठेवत. मग भट्टी झटकन थंड करायची आणि नळी कापायची. दगड जिथे वितळला असेल तिथे सूक्ष्मदर्शकाखाली काच दिसते. ती काच म्हणजे जागच्या जागी थिजलेला ग्रॅनाइटचा शिलारस.

बाई ज्यांच्यासाठी हे प्रयोग लावत, त्या सरांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर गेलं होतं. पाणी मिळालं की दगड कमी उष्णतेत वितळतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण इतक्या खोल पाणी येणार कुठून? सर म्हणत, बाहेरून यायची गरजच नाही. दगडातल्या काळ्या अभ्रकात ते आधीपासून बांधलेलं असतं. पुरेसं तापलं की अभ्रक मोडतो, पाणी सोडतो, आणि शेजारचे कण वितळू लागतात. बावीस वर्षांपूर्वी अकरा नंबरच्या नळीने हे सिद्ध केलं होतं. पाण्याचा थेंबही न घालता, सातशे अंशांवर, काच! सरांचं नाव झालं ते या नळीवर.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना बाई जुन्या वह्या संगणकावर उतरवत बसल्या होत्या. अकरा नंबरच्या पानावर त्यांचा हात थांबला. ओव्हनचा रकाना कोरा होता. नळीत भरण्याआधी पूड रात्रभर ओव्हनमध्ये वाळवायची, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावलेला. पानाखाली सरांची सही होती. दोन पानं पुढे दुरुस्तीवाल्याची पावती चिकटवलेली होती: ओव्हन चार दिवस बंद. अकरा नंबरची नळी त्याच चार दिवसांत भरलेली.

मग सगळं आठवलं. बरणीवर 'वाळवलेली' अशी चिठ्ठी होती, पण ती आदल्या आठवड्यातली. बारीक पूड हवेतली ओल ओढून घेते, दमट दिवसांत मीठ घेतं तशी. नळीत पाणी होतं, ते हवेतलं होतं, आणि ते त्यांनीच भरलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," घरी नवरा म्हणाला. "सर अंथरुणाला खिळलेले, तू निघालीस. कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय ना," बाई म्हणाल्या.

सरांना डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत दिली होती. ते खिडकीशी पलंगावर होते. सरांच्या बायकोने, वहिनींनी, दारातच बाईंना हळू आवाजात बजावलं, "त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

"वहिनी, मी न बोलता परत गेले तर तो मला जन्मभर होईल," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन वही सरांपुढे धरली, बरणीचंही सांगितलं.

सरांनी पान पावतीपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "त्या बरणीतली पूड उरलीय?"

"चमचाभर."

"नीट वाळवून दोन नळ्या भरा. एक सातशेला लावा, एक साडेआठशेला."

"तीन आठवडे लागतील, सर."

"किती लागतात ते मला माहीत आहे. आधी उघडायची नाही. मी मेलो तरी."

बाईंनी भट्ट्या लावल्या. रोज सकाळी आधी भट्टीचा काटा बघायचा, मग वहिनींना फोन करायचा. चौदाव्या दिवशी सरांचं खाणं सुटलं. विभागप्रमुख म्हणाले, "आठवडाभर आधी काढल्या तर काय बिघडतं?"

"वहीत काय लिहू? साधारण तीन आठवडे?" बाईंनी विचारलं. बाईंनी भट्टीसाठी देवाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या आठवड्यात मागितलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी नळ्या कापल्या. दुपारी बाई सरांच्या उशाशी होत्या. सरांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सातशेत?"

"काही नाही, सर. भरली तशी कोरडी पूड."

सरांनी डोळे मिटले. ज्या आकड्यावर नाव झालं, तो गेला.

"साडेआठशेत?"

"काच आहे. चौथा हिस्सा. अभ्रक मोडलाय."

"वाळवली होती?"

"दोन रात्री. नळीचं भट्टीआधीचं आणि नंतरचं वजन तंतोतंत."

"म्हणजे पाणी दगडाचंच."

"दगडाचंच. आपण म्हणालो त्याहून जास्त तापावं लागतं, एवढंच."

सर हसले. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने उघडपणे पुसले. मग वही उघडून दाखवली. अकरा नंबरच्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं: 'ओव्हन बंद. पूड न वाळवता भरली. चूक माझी. निकाल रद्द.'

सरांनी पेन मागितलं. वहिनींनी कोपराला आधार दिला. दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागली, आणि अक्षर खाली घसरत गेलं.

'सही करताना रकाना कोरा दिसला होता. विचारलं नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. आधी राग आला, चांगलाच आला. बावीस वर्षं या माणसाला माहीत होतं. पलंगावरचा माणूस त्यांच्याकडे बघत होता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. पेन अजून त्याच्या बोटांत होतं.

बाईंनी वही पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

"सर," त्या म्हणाल्या, "तारीख राहिली."