समुद्र येतोय, पळा!

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बरं राहू दे, हसा! घरात रोज हसतातच, त्यात तुमची भर.

मालवणच्या बाजूला एक किनारा आहे. नाव विचारू नका. तिथं मला अजून ओळखतात, आणि ते काही चांगल्या कारणानं नाही.

मी कोल्हापुरात एका शाळेत पीटी शिकवतो. म्हणजे काय? आवाज मोठा, पोट त्याहून मोठं आणि गळ्यात शिट्टी. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघं कोकणात निघालो. मी, बायको सुनीता, सहावीतली लेक गौरी आणि माझी आई. आईचं सगळं आयुष्य शाहूवाडीकडच्या भातशेतीत गेलेलं. समुद्र बघितलेला तो टीव्हीत. "एकदा पाय बुडवायचाय रं त्यात," म्हणाली, म्हणून बेत ठरला.

पण निघायच्या आदल्या आठवड्यात मला काय दुर्बुद्धी सुचली! मोबाईलवर समुद्रात बुडणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ बघत बसलो. एक संपला की मोबाईल आपणहून दुसरा दाखवतोय. माझी झोप उडाली हो! डोळे मिटले की लाट.

मग काय, गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत गाडीत माझ्या सूचना चालू. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. टोपी काढायची नाही. शेवाळलेल्या खडकावर चढायचं नाही. आणि माझी लांब शिट्टी झाली रे झाली की असाल तिथनं बाहेर!

"अहो, आपण समुद्राला चाललोय का कवायतीला?" सुनीता म्हणाली.

मागनं आई म्हणाली, "वाजवू दे गं त्याला. शाळेला सुट्टी हाय, दुसरं कोण ऐकणार त्याचं?"

किनाऱ्यावर पोचलो तर ही गर्दी! सुट्टीचा हंगाम, घामाच्या धारा आणि पाण्यात माणसंच माणसं. जीवरक्षकाचं मचाण होतं, पण पार पलीकडच्या टोकाला. आई म्हणाली, मी आपली कडंकडंनं चालून येते. मी म्हटलं, जा, पण लांब जाऊ नको. सुनीता वाळूत बसली. गौरी पाण्यात चेंडू खेळायला लागली आणि मी काठावर उभा, हाताची घडी घालून. अगदी शाळेच्या मैदानावर असतो तसा.

जरा वेळानं चेंडू लाटेबरोबर आत गेला. गौरी त्याच्या मागं गेली. पाणी गुडघ्यावरनं मांडीला आलं.

"गौरे, सोड तो चेंडू! मागं फिर!"

वारा समोरनं. तिला कुठलं ऐकू जातंय? पाणी कमरेला आलं. मी पळत पाण्यात शिरलो. तेवढ्यात एक लाट तिच्या डोक्यावरनं गेली आणि गौरी दिसेचना! नुसती टोपी तरंगतीया.

काय झालं असेल माझं? पाय वाळूत रुतलेले, हाक तर तिला ऐकू जात नव्हती. हाताला लागली ती शिट्टी. तोंडात घातली आणि जी फुंकली! सगळ्या शाळेला एका दमात वर्गात पाठवणारी शिट्टी ती. श्वास संपला, तरी मी फुंकतोयच.

लाट ओसरली. खोकत, केस डोळ्यांवर घेऊन गौरी उभी राहिली. मी तिचा दंड धरला आणि ओढत काठावर आणलं. सुनीता धावत आली. तिनं लेकीला टॉवेलात गुंडाळलं. मी गुडघ्यावर बसून पोरीला एकीकडं पुसतोय, एकीकडं ओरडतोय. पोरगी सुखरूप होती. माझ्यापुरता विषय संपला होता.

मान वर केली आणि बघतो तर काय?

समुद्र रिकामा!

एवढी माणसं होती, त्यातलं एकही पाण्यात नाही. सगळी किनाऱ्यावरनं वरच्या रस्त्याकडं पळतायत. कुणाच्या हातात चपला, कुणाच्या काखेत पोर. भेळवाला गाडा तसाच टाकून निघालेला. एक जाडजूड गृहस्थ नुसता टॉवेल सावरत माझ्या अंगावरनं पळाला.

"अहो, काय झालं?" मी विचारलं.

"पावणं, बसलाय काय! धोक्याची शिट्टी झाली की! मोठी लाट येणार हाय! बघा, पाणी कसं आत ओढून घेतलंय समुद्रानं!"

मी वळून बघितलं. खरंच! मगाशी काठाला जिथं पाणी लागत होतं तिथं ओली वाळू उघडी पडलेली. अहो, ती साधी ओहोटी होती. पण ते सगळे व्हिडिओ माझ्या डोळ्यांपुढं एकदम चालू झाले. मोठी लाट यायच्या आधी पाणी आत जातं, असं कुठंतरी बघितलेलं!

तुम्ही विचाराल, सर, ती शिट्टी तुमचीच होती हे डोक्यात आलं नाही? देवाशप्पथ नाही आलं! माझी शिट्टी गौरीसाठी होती. ही धोक्याची शिट्टी सरकारी, वेगळी, असंच मी धरून चाललो.

मग पीटी शिक्षक गप्प बसतोय होय? "पळा!" मी असा ओरडलो की जे चालत होते तेही पळायला लागले. "ढकलाढकली नको! लहान पोरं पुढं! सामान टाका!" सगळा किनारा टेकाडावरच्या देवळाकडं मीच पाठवला. सुनीता आणि गौरीला पायऱ्यांवर चढवलं आणि तिथंच आठवलं.

आई कुठाय?

लांब खडकांपाशी आईचं हिरवं लुगडं दिसलं. म्हटलं, आता काही खरं नाही. सुनीतानं माझा शर्ट धरला. "अहो, जाऊ नका..." म्हणाली आणि लगेच स्वतःच हात सोडला. आईच होती ना शेवटी.

सगळी गर्दी वर येतीया आणि मी एकटा खाली पळतोय. खोटं नाही सांगत, त्या पळण्यात मला रडू फुटलं होतं. समुद्राकडं बघायचीसुद्धा हिंमत नव्हती. आवाज तेवढा येत होता.

आई खडकावर बसून, पाय पाण्यात सोडून शिंपले निवडत होती.

"आई, ऊठ! समुद्र येतोय!"

आईनं शांतपणे समोर बघितलं. "आरं, त्यो तर जातोय की."

आता हिला काय समजावू? सरळ उचलली आणि खांद्यावर टाकली!

"आरं सोड! गुडघं दुखत्यात माझं! पाडशील मला, मुडद्या!" पाठीत गुद्दे. शिंपले माझ्या कॉलरमधनं आत. तशीच तिला घेऊन वाळू तुडवली, पायऱ्या चढलो, आणि देवळाच्या ओट्यावर तिला बसवून स्वतः आडवा झालो.

वर नुसता आकांत. पोरं रडतायत, एक बाई फोनवर माहेरच्यांचा निरोप घेतीया, एका आजोबांना दोघं वारा घालतायत. सगळे डोळे समुद्राकडं. आणि समुद्र? निवांत. बदकं सोडावीत असा!

तेवढ्यात जीवरक्षक धापा टाकत वर आला. तिथलाच, काळासावळा, मालवणी.

"शिटी कोणी मारल्यान?"

मी उठून बसलो. "ते आम्ही तुम्हाला विचारायचं! लाट येणार म्हणून तुम्हीच वाजवली ना?"

"खंयची लाट? मी शिटी मारूक नाय!"

असं म्हणतोय हा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईला घेऊन चढलेल्या त्या सगळ्या पायऱ्या आठवल्या. ओट्यावर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सुरू झालो.

"मग कुठल्या गाढवानं वाजवली? इथं म्हातारी माणसं हायत, तान्ही पोरं हायत! कुणाचा जीव गेला असता म्हणजे? असल्या माणसाला जनाची न्हाई तर मनाची तरी..."

"बरोबर हाय!" गर्दी ओरडली. "धरा त्याला!" टॉवेलवाला सगळ्यात पुढं.

गौरीनं माझा हात ओढला. "बाबा, तुम्हीच की."

सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावरनं हळूहळू खाली आले आणि छातीवर थांबले. मीही खाली बघितलं. सुनीता देवळाचा कळस बघायला लागली, जणू तिचा आणि माझा कधी संबंधच नव्हता.

टॉवेलवाला एक पाऊल पुढं आला. आणखी चारपाच जण त्याच्यामागं. मी शिट्टी शर्टात कोंबली.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "त्याची पोरगी पाण्यात दिसंना झालती, म्हणून फुंकली त्यानं. तुमाला कुणी पळा म्हणलंतं?"

"हेच म्हणले की, आजी!" सगळी गर्दी एका सुरात.

आईनं माझ्याकडं बघितलं आणि परत खाली बसली. "मग घ्या त्याला," म्हणाली.

कुणीतरी फसकन हसलं, म्हणून वाचलो. जीवरक्षकानं मला बाजूला घेतलं. पोरीला ओढून काढलंत ते बरं केलंत, तिथं खोल आहे, म्हणाला. आणि मग मला किनारभर फिरवून प्रत्येकाला सांगायला लावलं की, काही नाही, चला पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या पर्यटकांची बस आली. जीवरक्षक त्यांना गोळा करून समजावत होता. मी टोपी डोळ्यांवर ओढून मागं उभा राहिलो.

"ह्या लावलेल्या झेंड्यांच्या मधीच पोहायचा. खडकार चढायचा नाय. दारू पिऊन पाण्यात जायचा नाय." तो थांबला. "आणि कोल्हापूरसून एक सर इलेत. ते धावूक लागले, तर तुमी आपले जागेवरच बसा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.