अकरा गुलाबी चिठ्ठ्या

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बार्शीच्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर माझ्या फ्रिजमध्ये काय शिळं पडलंय तेसुद्धा माहीत असतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणखी एक कारण आहे, ते पुढे सांगते. तेही फारसं चांगलं नाही.

आधी हे सांगू दे की मी सुखात आहे. उगाच रडगाणं नाही हे. अटलांटाच्या बाहेर आमचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट आहे, नवरा इंडियन ग्रोसरीच्या गोडाउनमध्ये आहे, लेक हायस्कूलला जाते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. मी स्वतः गाडी चालवते — मी, जिने गावाकडे सायकलसुद्धा धरली नव्हती. या देशाने मला पुष्कळ दिलं. फक्त सरकारी पाकीट आलं की अजून वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, बाई, चूक झाली, तुम्ही जा परत.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं होती, मी थोरली. संपलं. अल्फारेटा या पैसेवाल्या उपनगरातल्या सुलभाकाकूंकडे मी पोळ्या करायला जायचे — काकू रिटायर झालेल्या डॉक्टर, माणूस सोन्यासारखं — त्यांच्या हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "मग तू कुठे असतेस? म्हणजे कुठल्या कंपनीत?" मी हसून आत जायचे, पोळ्या लाटायला.

काकूंनीच मला एका कम्युनिटी सेंटरमध्ये साफसफाईचं काम लावून दिलं. आमच्या घरापासून अर्धा तास. तळघरात एक जुनं स्वयंपाकघर होतं आणि ते मिस लोरेटा चालवायची. सत्तरी ओलांडलेली, त्याच वस्तीत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. दर गुरुवारी ती शंभरेक माणसांना जेवू घालायची. हाताखाली दोघी बहिणी ग्वाटेमालाच्या, एक इथिओपियाची, आणि हळूहळू मी. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन आत गेले तर तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. म्हणाली, "बेबी, आधी जेव. फरशी कुठे पळून जात नाही."

ते स्वयंपाकघर दिसायला चांगलं नव्हतं. रंग उडालेला, दिवे पिवळे. पण सहा बर्नरचा गॅस होता, त्यावर माझा तवा बसायचा, बहिणींची मातीची तवीही बसायची. मोठी पातेली धुवायला जमिनीलगत नळ होता. आणि मधलं लांब टेबल — त्याचे पाय मिस लोरेटाच्या नवऱ्याने तो हयात असताना करवतीने कापून बुटके केले होते, कारण तिचा उजवा खांदा वर उचलत नाही. सगळं कुणाच्या ना कुणाच्या हाताने, अडचण आली तसं झालेलं. डिझाइन म्हणतात ते हेच असतं, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं?

मग मेगन आली. डाउनटाउनच्या एका डिझाइन स्टुडिओतली, गोरी, पस्तिशीची, खूप प्रेमळ. तिला वाईट म्हणू नका, मी म्हणणार नाही. तिने कुठल्यातरी संस्थेकडून मदत मिळवली होती आणि आमचं स्वयंपाकघर ती नवं करून देणार होती. आम्हाला ती "माय लेडीज" म्हणायची. मिस लोरेटा माझ्या कानाशी पुटपुटली, "मी हिची कधी झाले? मला तर काही पत्र आलं नाही."

पण मला आवडायची मेगन. का आवडायची ते सांगते, लाज वाटते तरी. जी गोष्ट मी अल्फारेटात लपवायचे, तीच तिला हवी असायची. शाळा सुटली, आई आजारी, विहिरीवरून पाणी — ती ऐकताना डोळे पुसायची आणि मला म्हणायची, पुन्हा सांग, हे आमच्या लोकांना सांग. मी सांगायचे. दर वेळी विहीर थोडी लांब जायची. तिने सेंटरवाल्यांशी बोलून माझे तासही वाढवून दिले. मला तोवर कुणी असं समोर खुर्चीवर बसवून ऐकलं होतं का? नव्हतं.

एका दुपारी तिने खोक्याचे पुठ्ठे जोडून नव्या ओट्याचा नमुना उभा केला आणि भिंतीवर चित्रं लावली. आवडलं तर हिरवी चिठ्ठी लिहून चिकटवायची, अडचण असेल तर गुलाबी. मनातलं खरं लिहा, म्हणाली. बायकांनी खरंच लिहिलं. हिरव्या बऱ्याच होत्या — दिवे आवडले, रंग आवडला. गुलाबी अकरा होत्या. मेगनला मुलाला शाळेतून आणायचं होतं. दारातून तिने भिंतीकडे पाहिलं, तिचा चेहरा पडला. "ओह," म्हणाली, इतकंच. सकाळी नीट बघते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मदत देणारे लोक ती भिंत बघायला येणार होते.

सगळ्या गेल्या. झाडायला मी राहिले. चार वाजले असतील.

मी त्या चिठ्ठ्या वाचल्या. माझं इंग्रजी वाचन म्हणजे अक्षरावर बोट ठेवून चालणं — पण मला समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. मिस लोरेटाने चार चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, पत्र लिहावं तशा. ओटा उंच आहे, माझा खांदा पोचणार नाही. गॅस काढू नका, विजेच्या काचेच्या शेगडीवर आमची पातेली बसणार नाहीत. खालचा नळ राहू द्या. टेबल माझ्या नवऱ्याचं आहे. शेवटी 'प्लीज' लिहून त्याखाली रेघ मारली होती.

मी त्या काढल्या. अकराच्या अकरा. चुरगाळल्या आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, पिशवी बाहेरच्या डब्यात. मग भिंतीवर रिकाम्या जागा दिसायला नकोत म्हणून हिरव्या चिठ्ठ्या थोड्या थोड्या सरकवल्या, रांगोळीचे ठिपके सारखे करतात तशा.

तेव्हा डोक्यात काय होतं? आमच्याकडे कुणी साडी दिली तर देणाऱ्यासमोर नावं ठेवत नाहीत. छान म्हणायचं, घरी आणायची, फॉल-पिको करताना काय ते बघून घ्यायचं. मला वाटलं, हेही तसंच होईल — एकदा बांधून होऊ दे, मग फळी टाकू, घरून शेगडी आणू, जमवून घेऊ. मेगन चिडून निघून गेली तर? माझे तास? तिचा माझ्यावरचा जीव? इथे बांधलेलं बांधलेलंच राहतं, गॅसची नळी एकदा बुजवली की बुजली, हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी थांबले असते का? मला नाही वाटत.

सकाळी मेगन आली. भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. गुलाबी रंग कुठे गेला, तिने विचारलं नाही. मला घट्ट मिठी मारली.

इथवरचं कदाचित अजून सांगता आलं असतं. पुढचं जड जातं.

महिन्याभराने पक्के नकाशे आले. पुठ्ठ्याच्या नमुन्यातलं काहीही बदललेलं नव्हतं. मिस लोरेटाने ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, आम्ही लिहिलं त्याचं काय? मेगन म्हणाली, वस्तीने जे सांगितलं तेच आम्ही केलंय. मिस लोरेटा माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तू मागे राहिली होतीस ना. त्यांनी वाचलं का माझं?"

मी म्हटलं, "वाचलं."

एक शब्द. मला कुणी बोलायला भाग पाडलं नव्हतं.

नवं स्वयंपाकघर देखणं झालं. पांढरंशुभ्र. त्याला बक्षीस मिळालं, त्या समारंभात मी साडी नेसून स्टेजवर गेले आणि म्हणाले की आमच्याकडे आधी काहीच नव्हतं. टाळ्या झाल्या. माहितीपत्रकावर माझा हसरा फोटो आहे, सुलभाकाकूंनी तो फ्रिजवर लावलाय. गुरुवारचं जेवण तिथे सात-आठ आठवडे कसंबसं चाललं. पातेली बसेनात, काचेवर तडा गेला, मिस लोरेटा स्टुलावर उभी राहून कणीक मळायची. एकदा तोल गेला. मग ते बंदच झालं. टेबल कुठे गेलं, मी विचारलं नाही. आता तिथे वाढदिवसांसाठी खोली भाड्याने देतात.

मिस लोरेटाने वर्षभराने आपल्या चर्चमध्ये पुन्हा सुरुवात केली, अर्ध्याच माणसांसाठी, दोन बर्नरवर. मला बोलावलं. मी दर गुरुवारी जाते. माझ्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला दिवस असतो, हे खोटं नाही. मी चित्रान्न करते, लोक दोनदा मागून घेतात. आम्ही दोघी पाय लांब करून बसतो, ती माझ्या नवऱ्याची चेष्टा करते — "अजून बोलतो का तो, की तू त्याला गोडाउनमध्येच ठेवलंस?" — आणि मी पोट धरून हसते. असं सुख मला इथे दुसऱ्या कुणी दिलं नाही.

नवीन कुणी आलं की ती माझी ओळख करून देते. म्हणते, ही एकटी माझ्याशी सरळ वागली. माझं मन राखायला खोटं बोलू शकली असती, कागद हरवला असेल म्हणू शकली असती. पण हिने तोंडावर सांगितलं — वाचलं त्यांनी, आणि तरी केलं नाही. तेव्हापासून मला कळलं या लोकांना काही सांगण्यात अर्थ नाही.

मी ताटं वाढत असते. मान खाली असते, तिला तो विनय वाटतो.

गेल्या वसंतात महापालिकेची माणसं चर्चमध्ये आली होती. तिच्या घरासमोरचा बसथांबा हलवायचा होता, लोकांचं म्हणणं लिहून घेत होती. ज्या थांब्यावर ती चाळीस वर्षं उभी राहिली, तो. तिच्यापुढे कागद आला, तिने न बघता, काही न लिहिता माझ्याकडे सरकवला. थांबा आता टेकडीपलीकडे गेलाय. ती चालत जाते, मध्ये दोनदा थांबते.

हे मराठीत लिहितेय, कारण मराठी तिला वाचता येत नाही. ते दुसरं कारण हेच. परवा गुरुवार आहे, मी जाणार आहे आणि तिला काही सांगणार नाही, हेही मला आत्ताच माहीत आहे.

तिला वाटतं, त्यांनी तिचं म्हणणं वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्यांच्यातल्या कुणीच ते वाचलं नव्हतं. वाचलं होतं मी, एकटीने, बोट ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत.