दोन टेक आणि एक बंडी मुरूम

नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जीप घेतली तेव्हा सांगितलं होतं, "ही कुठूनही जाते." पुढचे आठ महिने ती घरून बँकेत आणि बँकेतून घरी गेली. मग यवतमाळातल्या पाच जीपवाल्यांचा ग्रुप झाला, ग्रुपला कॅप्टन मिळाला आणि जानेवारीतल्या एका शनिवारी 'पुसदच्या डोंगरात ऑफरोड ट्रेल' ठरली. कॅप्टन आठवडाभर पॅथॉलॉजी लॅब चालवतात आणि सुट्टीच्या दिवशी लष्करी रंगाची टोपी घालतात. "फॅमिलीही चालते," नितीन म्हणाला. मी कॉलेजात भूगोल शिकवते. डोंगर म्हटल्यावर निघाले.

सकाळी सहाला यवतमाळ सोडलं. आर्णीला थांबून आलूबोंडा खा, गरम मिळतो आणि सोबतची तळलेली मिरची फुकट असते. तिथून दिग्रस, मग पुसद. डिझेल पुसदलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती, बरीचशी न वेचताच सोडून दिलेली. त्या वर्षी अर्धी बोंडं अळीने खाल्ली होती आणि उरलेल्या कापसाला भाव नव्हता. आमच्या वॉकीटॉकीवर मात्र युद्ध सुरू होतं. "कॅप्टन टू ऑल, पुढे बैल आहे, ओव्हर." बैल आम्हाला दिसत होता. पाचही गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

पुसदच्या पुढे एक गाव लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही जाल. गाव सोडलं की पांदण सुरू होते, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलबंडीची वाट, आणि ती संपते तिथून टेकडीचा चढ. दोन दिवसांआधी अवकाळी पाऊस झाला होता, त्यामुळे कॅप्टनचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. पांदणीतल्या एका खोलगट जागी लाल मुरूम नीट पसरलेला होता. सगळीकडे काळीभोर माती आणि इथेच तेवढा लाल मुरूम कुठून आला, हा प्रश्न भूगोलाच्या बाईला तरी पडायला हवा होता. मला पडला नाही. मी बिस्किटं खात होते.

पाचही गाड्या मोठमोठ्या दातांचे टायर घेऊन त्यातून घुसल्या. चिखल टपावर उडाला, शिट्ट्या वाजल्या. पलीकडे गेल्यावर कळलं की कॅप्टनने वर उडवलेल्या ड्रोनने शूटिंग केलंच नाही, बटण दाबायचं राहिलं होतं. कॅप्टन म्हणाले, "रीटेक!" मग पाच गाड्या उलट्या आल्या आणि पुन्हा गेल्या. दुसऱ्या वेळी चाकं जास्त रुतली, म्हणून टाळ्याही जास्त पडल्या.

टेकडीवरचा चढ खरंच सुंदर आहे. सागाची पानगळ, खाली पैनगंगेकडे उतरत गेलेली रानं आणि वाऱ्याशिवाय आवाज नाही. वॉकीटॉकी बंद असली तर. रात्र तंबूत काढली.

रविवारी सकाळी उतरताना त्याच खोलगटात एक बंडी चाकांच्या आसापर्यंत रुतलेली दिसली. बंडीत चादरींत आणि जुन्या लुगड्यांत बांधलेली कापसाची गाठोडी, बाजूला सोडलेले दोन बैल आणि चिखलात उभी साठीची एक बाई. गावात त्यांना सगळे सुमनमावशी म्हणतात हे नंतर कळलं. त्यांनी आमच्या गाड्यांकडे पाहिलं, मग चिखलातल्या चाकोऱ्यांकडे.

"तुमीच गेलते ना काल इथून? दोनदा?"

"हो," कॅप्टन म्हणाले.

"मले वाटलं काई पडलं तुमचं, म्हणून तुमी वापस आले. सापडलं का?"

कॅप्टन टोपी सारखी करू लागले. शेवटी नितीनच म्हणाला, "पडलं नव्हतं मावशी. शूटिंग बरोबर नव्हती आली."

"हौ का," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग हळूहळू सगळं कळलं. कापूस निघायच्या आधी या गावात दर घरामागे एक बंडी मुरूम पांदणीत टाकतात, म्हणजे मालाच्या बंड्या डांबरी सडकेपर्यंत जातात. आम्ही तोच मुरूम मातीत कालवला होता. उद्या पुसदच्या खरेदी केंद्रावर मावशींचा नंबर होता. सडकेवर टेम्पो उभा होता आणि बारापर्यंतच थांबणार होता. नंबर गेला तर घरी येणारा व्यापारी म्हणेल तो भाव.

"दिवाळीपासून घरात कापूस आन् आमी बाहेर वसरीत," मावशी म्हणाल्या. "कापसाच्या किड्यायनं आंग खाजवू खाजवू जीव गेला. आज तरी घरात झोपीन म्हनलं."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. कॅप्टनला आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण आला. त्यांनी जीपच्या पुढची विंच, म्हणजे ओढायची तार, सोडायला घेतली.

"बंडीले हात नका लावू," मावशी ओरडल्या. "आस तुटन. मंग काय तुमची तार जुंपू बैलायले?"

मी आमच्या जीपचं मागचं दार उघडलं आणि पहिलं गाठोडं ओढलं. नितीन धावत आला. "आतलं फोमचं आहे गं, नवीन..." म्हणाला, मग माझं तोंड पाहून दुसऱ्या बाजूने गाठोडं उचललं. कॅप्टन सीट कव्हरवर वर्तमानपत्र अंथरत बसले. बारा गाठोडी पाच गाड्यांत बसली. बारा वाजायला पाच मिनिटं असताना शेवटचं गाठोडं टेम्पोत चढलं आणि मला खरोखर रडू आलं. कॅप्टनने सगळ्यांना टेम्पोसमोर उभं करून फोटो काढला.

"आभार नका मानू मावशी," ते म्हणाले.

मावशी मानतच नव्हत्या. "पांदनीचं काय?" त्यांनी विचारलं. "अजून गावातला लय कापूस निघाचा आहे. जो इथून जाते तो एक बंडी मुरूम टाकते. आमचा तसाच कायदा आहे."

"नक्की, नक्की," पाच जण म्हणाले.

घरी पोचेस्तोवर ग्रुपवर व्हिडिओ आला होता: 'शेतकऱ्यांच्या मदतीला धावले जिगरबाज!' त्यात रीटेकही होता, संगीतासह. मी खाली लिहिलं, "पुढच्या रविवारी मुरूम टाकायला कोण येतंय?" चार अंगठे आले.

रविवारी आमची एकटीच जीप गेली. पोत्यांत भरलेला मुरूम जीपने पाच फेऱ्यांत नेला, तेव्हा कुठे एका बंडीएवढा झाला. नवऱ्याच्या तळहातांना फोड आले आणि मला त्याचा जरा अभिमान वाटला. मावशी येऊन बघून गेल्या. कापूस केंद्रावर गेला होता आणि त्या आता घरात झोपत होत्या.

"बाकीचे चार कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"त्यांची दुसरीकडे ट्रेल आहे," नितीन खाली बघत म्हणाला.

"तठी पांदन असन ना कोनाची?" मावशी म्हणाल्या आणि फावडं घेऊन आमचा मुरूम सारखा करू लागल्या.

जीपच्या एसीतून अजून मधूनच कापसाचा तंतू उडतो. व्हिडिओ पाहून लोक मला गावाचं नाव विचारतात. मी उलट विचारते, मुरूम आणताय का? अजून कोणाचं उत्तर आलेलं नाही.